गाळ आणि गाळणी

रविवारी सकाळचा चहा झाला की मी आधी फिश टँकपाशी जातो. मोटरचं बटण बंद करतो, टँकमधलंच तीन-चार लिटर पाणी बादलीत काढून घेतो आणि फिल्टरचा स्पंज त्यात बुडवून पिळतो. पहिल्या पिळ्यालाच पाणी काळपट तपकिरी होतं, दुसऱ्याला बादलीचा तळ दिसेनासा होतो. मागे वळून टँककडे पाहावं, तर तिथलं पाणी इतकं लख्ख असतं की त्यातून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता याव्यात. आठवडाभर हे लख्ख पाणी तासाला पाच-पाच वेळा बादलीतल्या या चिखलातूनच वाहत होतं. माशांच्या भोवतीचं पाणी आणि स्पंजातलं पाणी एकच. फिल्टर घाण एका जागी गोळा करतो, एवढंच त्याचं काम. ती पाण्याबाहेर न्यायला माणसाचाच हात लागतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की मासे पाळण्यातल्या निम्म्या चुका टळतात, असं माझं अनुभवान्ती मत आहे.

आपल्या भाषेत गाळ आणि गाळणं हे शब्द एकमेकांना किती खेटून आहेत पाहा. शिवाय पाणी स्वच्छ होण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना आपल्याकडे निरनिराळी क्रियापदं आहेत. फडक्यातून ओतलं तर ते गाळलं जातं. न हलवता ठेवलं आणि माती तळाशी बसली तर ते निवळतं. वरचं स्वच्छ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घेतलं तर ते निथळून घेतलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची किंवा निवळीचं बी भांड्याला आतून घासायचं, ही जुन्या घरांतली रीत. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटी त्यांना एकत्र आणून त्यांचे गोळे करते आणि मग ते जड होऊन तळाशी जातात. महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही पाणी आधी याच पद्धतीने निवळतं आणि मग वाळूच्या थरांतून गाळलं जातं. फिश टँकमध्ये मात्र तुरटी टाकू नये. तिने पाण्याचा आम्ल-अल्कली तोल ढळतो आणि तो धक्का माशांना सोसत नाही. टँकमध्ये गाळण्यालाच महत्त्व.

काचेच्या पेटीतलं पाणी टिकवायचं कसं, हा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनच्या भांड्यात त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं होतं. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण रोपाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी बिघडलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी सडकी पानं फस्त केली आणि घडी बसली. पाहायला गेलं तर वॉरिंग्टन अडला तो गाळापाशीच. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. 1871 मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारताना विल्यम आल्फर्ड लॉइडने दर्शनी टाक्यांच्या खाली पाण्याचा मोठा अंधारा साठा ठेवला आणि पाणी सतत त्यातून फिरवत राहिला. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. शाळेच्या सहलीत तिथल्या काचेला नाक लावून उभं राहिलेल्या कित्येकांच्या मनात या छंदाचं बी तिथेच पडलं असेल. माझ्या मनात तरी तिथेच पडलं.

आता आपल्या घरातल्या टँककडे वळू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पेटीत काठोकाठ भरलं तर छप्पन लिटर पाणी मावतं. वाळू-गोटे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पन्नासच्या आतच. एवढ्याशा पाण्यात मासे खातात, विष्ठा टाकतात, उरलेले दाणे गोट्यांच्या फटीत जाऊन फुगतात, पानं झडतात. गोल्डफिशला तर जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, आणि त्याच्यामागे तरंगणारा तो लांब दोरा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. माशांचा बराचसा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळतो. तो विरघळलेला असल्याने कुठल्याच जाळीत अडकत नाही. पण विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून जो अमोनिया तयार होतो, तो टाळणं आपल्या हातात आहे. कुजण्याआधी घन कचरा पकडायचा आणि बाहेर काढायचा, यालाच यांत्रिक गाळण म्हणतात.

पकडायचा कसा, यात मोठी गंमत आहे. स्पंज म्हणजे चाळणी असा आपला समज असतो. चाळणीत भोकापेक्षा मोठी वस्तू वर राहते आणि लहान खाली पडते. स्पंजाच्या आत मात्र पाण्याला वाकड्यातिकड्या बोळांतून जावं लागतं. वळणावर कण भिंतीला आपटतात, तिथल्या बुळबुळीत थराला चिकटतात आणि भोकापेक्षा कितीतरी बारीक असूनही अडकून बसतात. म्हणून कोरा करकरीत स्पंज पहिल्या दिवशी फारसं काम करत नाही. तो जसा भरत जातो तशी त्याची भोकं अरुंद होतात आणि पाणी अधिकच स्वच्छ दिसू लागतं. फसगत इथेच होते. पाणी सर्वांत चकचकीत दिसतं तेव्हा बरेचदा स्पंज तुंबण्याच्या बेतात असतो. मग एके दिवशी फिल्टरच्या तोंडातून येणारी धार बारीक होते आणि पाणी स्पंजाच्या कडेने वाट काढून न गाळताच पुढे जाऊ लागतं. मी धारेवर नजर ठेवतो. ती मंदावली की रविवारची वाट पाहत नाही.

स्पंजाची जाडी-बारकाई एका इंचात किती भोकं, यावर मोजतात. दहा म्हणजे भरड, वीस मध्यम, तीस बारीक. पाण्याला आधी भरड स्पंज भेटला पाहिजे, मग मध्यम आणि शेवटी पांढरा फिल्टर-कापूस. पिठाच्या गिरणीत कुणी आधी मैद्याची चाळणी लावत नाही. कापूस पुढे लावला तर तो दोन दिवसांत लिबलिबीत होऊन बसतो. स्पंज पुन्हा पुन्हा पिळून वर्षानुवर्षं वापरता येतो. कापूस मात्र धुवत बसू नये, टाकून नवा लावावा. बॅक्टेरियांसाठी ठेवलेले चिनी मातीचे तुकडे या सगळ्याच्या नंतर, म्हणजे त्यांच्यापर्यंत गाळलेलंच पाणी पोचतं.

या बॅक्टेरियांची ओळख मला फार वाईट दिवशी झाली. पंधरा वर्षांपूर्वी मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं, महिन्यातून एकदा सगळं रिकामं करून नळाखाली खसाखसा धुवायचं. मी तसंच केलं. स्पंज पांढरा होईपर्यंत चोळला, वाळू धुतली, सगळं पाणी बदललं. टँक नव्यासारखा दिसत होता. तिसऱ्या दिवशी मॉली पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागल्या. आठवड्याअखेर नऊपैकी चारच राहिल्या. त्या स्पंजात नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया होते, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. त्याच वस्तीतले दुसरे नायट्राइटचं बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते नायट्रोस्पायरा या वेगळ्याच बॅक्टेरियांचं काम आहे. ही वस्ती पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. मी ती नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली एका दुपारीत धुऊन टाकली होती. तेव्हापासून स्पंज पिळायचा तो टँकच्या पाण्यातच. गाळ निघून जातो, चिकटलेले बॅक्टेरिया राहतात. आणि दोन स्पंज असतील तर एका रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरा.

गाळण्याने सगळंच सुटतं असं नाही. नव्या टँकमधलं दुधट पाणी म्हणजे बॅक्टेरियांची अचानक झालेली वाढ. तिथे धीर धरावा आणि खाणं कमी करावं. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ, ते स्पंजातून बिनदिक्कत पार होतं, कारण त्याच्या पेशी फारच बारीक असतात. खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर आधी पडदा लावावा. लाकडाच्या ओंडक्याने आलेला पिवळट चहासारखा रंग विरघळलेला असतो, त्याला कोळसाच लागतो.

आपल्याकडे बराच काळ वाळूखालच्या जाळीचा फिल्टर लोकप्रिय होता, अजूनही आहे. हवेच्या बुडबुड्यांबरोबर पाणी उभ्या नळीतून वर चढतं आणि त्याच्या ओढीने टँकमधलं पाणी वाळूतून खाली झिरपतं. स्वस्त आणि दिसायला सुटसुटीत. पण तो सगळा गाळ वाळूत, नजरेआड ओढून ठेवतो, आणि सायफनच्या नळीने वाळू नेमाने उपसली नाही तर खाली दलदल होते. मी नव्या माणसाला साधा स्पंज फिल्टरच सुचवतो. गाळ डोळ्यांसमोर राहतो आणि हात लावावासा वाटतो.

भारनियमनाच्या गावांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला तर आतला गाळ उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतो आणि बॅक्टेरिया गुदमरतात. वीज आली की तो सडका घोट थेट माशांच्या अंगावर येतो. उन्हाळ्यात हे अधिक वेगाने होतं, कारण वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसातच. बराच वेळ वीज गेली असेल तर फिल्टर उघडून, आतलं पाणी ओतून, स्पंज पिळूनच मोटर सुरू करावी.

दिवाळीत आम्ही चार दिवस गावी जातो. निघायच्या आदल्या दिवशी टँकला हात लावत नाही, दोन दिवस आधीच एक स्पंज पिळून ठेवतो, म्हणजे काही बिघडलं तर ते माझ्या डोळ्यांदेखत बिघडेल. मोठ्या, धडधाकट माशांना चार दिवस काही मिळालं नाही तरी चालतं, पण शेजारच्या काकूंना ते पटत नाही. एका वर्षी त्यांनी मायेने रोज मूठभर दाणे टाकले होते आणि आम्ही परतलो तेव्हा स्पंज लोण्याच्या गोळ्यासारखा झाला होता. आता मी कागदाच्या दोन पुड्या बांधतो. प्रत्येकीत चिमूटभर दाणे, वर वार लिहिलेला. पुड्या काकूंच्या हातात देतो आणि खाण्याचा डबा कपाटात ठेवून किल्ली बरोबर नेतो.