शिकवलेला कुत्रा विष्ठेला तोंड का लावतो?

पोलिसांच्या श्वानपथकातला असो वा सातारा-सांगलीतल्या एखाद्या घरातला, प्रत्येक आज्ञा पाळणारा कुत्राही कधी कधी स्वतःच्याच विष्ठेला तोंड लावतो. ‘कॅल्शियम कमी पडत असेल’ हे आपलं ठरलेलं निदान. पण कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांच्या २०१८च्या पाहणीत या खोडीचा आहाराशी संबंध दिसला नाही. सुमारे १६ टक्के कुत्र्यांना ती होती आणि बहुतेक जण दोन दिवसांच्या आतली, ताजी विष्ठाच खात. हार्ट यांचा तर्क असा, की विष्ठेतली जंतांची अंडी बाधक व्हायला एवढाच वेळ लागतो. लांडगे त्याआधीच बिळाजवळची घाण संपवत असावेत. म्हणजे ही मुळात साफसफाईच!

मग मारून काय साधणार? तो लपून, घाईघाईने खाईल. चव बिघडवणाऱ्या पुड्याही या पाहणीत जवळपास निकामी ठरल्या. त्यापेक्षा शौच होताच त्याला हाक मारावी, आला की चिकनचा तुकडा द्यावा आणि विष्ठा लगेच उचलावी. माण-जतच्या माळावर तो मेंढरांच्या लेंड्यांना तोंड लावू लागला, तर त्या कोण उचलणार, हे खरंच. तिथे पट्टा आखूड धरावा. खोड अचानक लागली किंवा वजन घटत असेल, तर मात्र जनावरांचा दवाखाना गाठा.