चारीच्या तळाशी पाणी का रेंगाळते?

पाळीचे पाणी सुटले की चारीत टाकलेली काडी झपाट्याने पुढे जाते आणि पाणी भरपूर येत आहे असा समज होतो. मात्र शेवटच्या शेतकऱ्याचे वाफे हिशेबाप्रमाणे भिजत नाहीत. अशा वेळी पाणीचोरीचा संशय घेतला जातो. तो नेहमीच खोटा असतो असे नाही. तथापि प्रथम प्रवाहाचा स्वभाव समजून घेणे इष्ट होय.

मातीला अगदी लागून असलेले पाणी मुळीच सरकत नाही. त्यावरील पाणी मंद चालते व वर जावे तसा वेग वाढतो. पृष्ठालगतच्या या मंद भागास ‘सीमास्तर’ म्हणतात. त्याची उपपत्ती लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मांडली. चारीतील पाणी खळबळत वाहते. त्यातील भोवरे वरचे वेगवान पाणी खाली व तळचे मंद पाणी वर नेतात. त्यामुळे तळापासून थोड्याच उंचीपर्यंत वेग झपाट्याने वाढतो, पुढे ती वाढ मंदावते. आणि या देवघेवीत प्रवाहाचा जोर तळाशी व काठांशी घासण्यात खर्च होतो. वाऱ्याचेही असेच आहे. उफणणारा शेतकरी तिवईवर उभा राहतो, तो उगीच नव्हे.

म्हणून काडीचा वेग हा सर्व पाण्याचा वेग नव्हे. समजा, चारी १ मीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल वाहते आणि काडी १० मीटर अंतर २० सेकंदांत तोडते. सरळ गुणाकाराने सेकंदाला १५० लिटर पाणी येते. परंतु एवढ्या उथळ चारीत सरासरी वेग काडीच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांशच धरावा लागतो. म्हणजे पाणी १०० लिटरच. तासाभरात ही चूक १,८०,००० लिटरांची होते! मोठ्या कालव्यात ही घट पुष्कळ कमी असते.

गवत माजले की घर्षण आणखी वाढते. रॉबर्ट मॅनिंग या अभियंत्याने १८८९ साली मांडलेल्या सूत्रात स्वच्छ मातीच्या चारीचा खडबडीतपणा सुमारे ०.०२२ धरतात, गवताने तो ०.०३३ झाला, तर त्याच उतारावर व त्याच खोलीला १०० लिटरांऐवजी ६७ लिटरच वाहतात. वरून पाणी तेवढेच सोडल्यास चारी फुगते व काठावरून सांडते. यास्तव ग्रामसेवकांनी पाळीपूर्वी गवत व लव्हाळा काढवून घ्यावा. तळ मात्र खोल खणू नये. खड्ड्यांत पाणी साचते व पाळी संपल्यावर तेथेच मुरते.