विश्लेषण : दवाखान्यांच्या झाल्या हॉटेलच्या खोल्या! शिकागोची रिलायन्स बिल्डिंग कशी वाचली?

जुनी व्यापारी इमारत जपायची, तर खर्च कोण करणार? अमेरिकेतील शिकागो शहराने याचे एक उत्तर शोधले.

इमारत महत्त्वाची का?
१४ मजली रिलायन्स बिल्डिंग १८९५ मध्ये पूर्ण झाली. तिचा भार भिंतींवर नाही, तर पोलादी सांगाड्यावर आहे. त्यामुळेच दर्शनी भागात मोठमोठ्या काचा बसवता आल्या. आजच्या काचेच्या टॉवरची ती पूर्वज मानली जाते.

धोका काय होता?
खाली दुकाने, वर डॉक्टर आणि दंतवैद्यांचे दवाखाने. पुढे भाडेकरू घटले, देखभाल रखडली. १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पण नुसत्या दर्जाने दुरुस्तीचा खर्च निघत नाही.

हॉटेलच का?
मोठ्या कंपन्यांना मोकळे, प्रशस्त मजले लागतात. इथले मजले अरुंद. हॉटेलला मात्र खिडकी असलेल्या लहान खोल्याच हव्या असतात. शिकागो महापालिकेने १९९४ मध्ये इमारत विकत घेऊन आधी बाह्यभाग दुरुस्त केला. १९९९ मध्ये तिथे 'हॉटेल बर्नहॅम' सुरू झाले. दवाखान्यांचे दुधी काचेचे दरवाजे जपले गेले.

मुंबईत काय घडले?
काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शनचा प्रवास नेमका उलटा. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावरचे हे १९व्या शतकातील वॉटसन हॉटेल. पुढे तिथे कार्यालये आली आणि इमारत जर्जर झाली. सांगाडा टिकाऊ असून भागत नाही. दुरुस्तीचा खर्च भागवणारा वापरही लागतो.