कॉर्डलेस ड्रिल : यंत्राआधी बॅटरीचा हिशोब करा

सुतारकाम, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, मॉड्युलर किचन, दुकानाचे रॅक अशा धंद्यांतील कारागिरांच्या हातात आज बॅटरीवर चालणारे कॉर्डलेस ड्रिल दिसते. नव्या इमारतीत कित्येकदा वीज आलेली नसते, आणि जिन्यावरून वायर ओढण्यात वेळ फुकट जातो. म्हणून हे यंत्र आता गरजेची वस्तू झाले आहे. परंतु चौथ्या मजल्यावर दुपारी बॅटरी संपली तर मालकाची रोजी बुडतेच, सोबतच्या मदतनिसाचीही मजुरी अंगावर पडते. तेव्हा खरेदी करताना डब्यावरील चित्र नव्हे, तर आपले काम समोर ठेवले पाहिजे.

१९६१ साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिले कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. आज धंद्याच्या यंत्रांत वजनाने हलकी आणि जास्त वीज साठवणारी लिथियम-आयन बॅटरी असते.

व्होल्टचा घोळ

काही कंपन्या डब्यावर १८ व्होल्ट लिहितात, काही २० व्होल्ट मॅक्स. कारागिराला वाटते, २० मोठे. वस्तुस्थिती अशी की दोन्हींत पाच सेलांची माळ असते. प्रत्येक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून १८. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल ४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून २०. माल एकच, लेबल दोन. त्याचप्रमाणे १०.८ आणि १२ व्होल्ट हेही एकच आहे. स्वस्त यंत्रांवर ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेले दिसतात; आत तेच पाच सेल असू शकतात. अशा आकड्यांवर भरोसा ठेवू नये.

खरा हिशोब व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर-अवर यांच्या गुणाकाराचा आहे. १८ व्होल्टची २ अ‍ॅम्पिअर-अवर बॅटरी म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ ची म्हणजे ७२. दुप्पट साठा, म्हणजे त्याच कामाला साधारण दुप्पट वेळ. मात्र वजनही वाढते. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्याने एका जड बॅटरीपेक्षा दोन हलक्या बॅटऱ्या घ्याव्यात. एक कामाला, एक चार्जरवर.

कोणत्या कामाला कोणते यंत्र?

कपाटाच्या बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, प्लायमधील स्क्रू यांना १२ व्होल्टचे लहान यंत्र पुरते. जाड लाकूड, लोखंडी पट्टी आणि मोठी भोके यांना १८ व्होल्टचे यंत्र व १३ मिलिमीटरचा चक हवा. विटेच्या भिंतीला हॅमरची सोय असलेले ड्रिल चालते. परंतु काँक्रीटच्या स्लॅबला रोज भोके पाडायची असतील तर त्यासाठी वेगळे रोटरी हॅमर घ्यावे. साध्या ड्रिलला स्लॅबवर दाबत बसल्याने भोक होत नाही आणि यंत्र तापून खराब होते.

टॉर्कचे आकडे दोन असतात, हार्ड आणि सॉफ्ट. जाहिरातीत बहुधा मोठा, म्हणजे हार्डचा आकडा असतो. दोन कंपन्यांची तुलना करताना हार्डशी हार्ड आणि सॉफ्टशी सॉफ्ट लावून पाहावे. चकामागील क्लचची कडी फिरवून पाहावी. हलक्या नंबरावर ती वेळेवर सुटली नाही तर स्क्रू प्लायमध्ये बुडतो आणि गिऱ्हाईक माल नाकारतो.

ब्रशलेस मोटरला कार्बन नसतो. ती कमी तापते आणि त्याच बॅटरीवर जास्त काम देते. रोज काम असणाऱ्याला तिची जादा किंमत परवडते. मात्र तिचे सर्किट जळाले तर खर्च मोठा येतो. कार्बनच्या मोटरचे कार्बन थोड्या पैशांत बदलतात.

दुकानात विचारायचे प्रश्न

एकट्या बॅटरीची किंमत काय? हा पहिला प्रश्न असावा, कारण यंत्राच्या आधी बॅटरी थकते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. पुढे ग्राइंडर किंवा जिगसॉ घ्यायचा असेल तर त्याच बॅटरीवर चालणारे, बॅटरीशिवायचे यंत्र स्वस्त पडते. म्हणून ड्रिल घेताना आपण एक पूर्ण कुटुंब निवडतो आहोत, हे ध्यानात ठेवावे. आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, तेही पाहावे. पक्के बिल घ्यावे. कच्च्या पावतीवर वॉरंटी मिळणे कठीण. लांब बिट लावून यंत्र चालवावे. टोक डगमगले तर ते यंत्र परत ठेवावे.

गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नये. काम बंद असेल तर अर्धी चार्ज करून सावलीत ठेवावी.

दोन दुकानांत भाव विचारा, आपल्या कामाची यादी बरोबर न्या आणि मगच पैसे मोजा. काम ओळखून घेतलेले मध्यम किमतीचे यंत्र महागड्या पण बिनकामाच्या यंत्रापेक्षा केव्हाही जास्त कमाई करून देते.