डोळ्यांचाही हक

मगरीबची अजान होते, तेव्हा ससूनमध्ये ड्युटीवर असलेला निवासी डॉक्टर खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि पुन्हा रुग्णाकडे वळतो. रोजा सुटतो, ड्युटी सुटत नाही. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मित्राला रोजा नसतो, पण त्याचेही दुपारचे जेवण राहिलेलेच असते.

बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दरवर्षी एमबीबीएसला २५० मुले-मुली येतात. बहुतेक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले. इथे आल्यावर कळते, की सगळेच पहिले होते. दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्याला तर इंग्रजीतली शरीररचना पाठ करतानाच घाम फुटतो. गावाने हार घालून सत्कार केलेला असतो. मग पहिल्याच परीक्षेत नापास झालो, हे सांगायचे कोणाला? फोनवर अम्मीला किंवा आईला एकच उत्तर मिळते, "सगळं छान चाललंय."

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी झालेल्या पाहणीत एमबीबीएसच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी माहिती दिली. त्यांतील २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस या अहवालात आहे. सहा दिवसांत वाटले तर हे रोजचे बारा तासांहून अधिक होतात. आणि ही म्हणे सवलत!

अशा वेळी घरचे सांगतात, "सब्र कर." सब्र म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र रोज रोजे ठेवत, रात्रभर जागून इबादत करत. पैगंबर साहेबांनी त्यांना थांबवले. शरीराचा तुझ्यावर हक आहे, डोळ्यांचाही आहे, असे समजावले. इबादतीसाठी जिथे झोप मोडायची नाही, तिथे ड्युटीच्या तक्त्यासाठी का मोडावी?

आणि सब्र कोणी कोणाकडे मागायचा, हाही प्रश्न आहेच. २२ मे २०१९ रोजी, रमजानच्याच दिवसांत, मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात गेले. तिथे पायल यांनी आणखी खंबीर व्हायला हवे होते, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. पण तिथे जायचे म्हणजे उद्याच्या परीक्षकासमोरच मन उघडे करायचे. म्हणून मुले जात नाहीत. बाहेरचा, गोपनीय मार्ग त्यांना आधी हवा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. सेहरीच्या वेळी, ड्युटीरूममधूनही तो लागतो.