नवी खोली आणि भिंतीतली ओल : जिप्सम बोर्डामागचे प्लास्टिक कुठे लावावे?

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आपल्या जुन्या घरांना नव्या खोल्या जोडण्याचे काम दर हिवाळ्यात कुठे ना कुठे चालू असते. मुलाचे लग्न ठरते, नातवंडे मोठी होतात, परदेशातले कुटुंब सुट्टीला आले की झोपायला जागा पुरत नाही. मग पडवीच्या अंगाला किंवा स्लॅबवर एक खोली काढायचे ठरते. चिरा, सिमेंट, स्लॅब ही कामे आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हातातली आहेत. अडते ते आतल्या सजावटीपाशी. आता नव्या खोलीत जिप्सम बोर्डाच्या भिंती आणि सीलिंग हवे असते, एसी हवा असतो, आणि त्यासोबत ‘बोर्डामागे प्लास्टिक घालायचे का?’ हा नवा प्रश्न येतो.

इथे घरात हमखास दोन मते पडतात. इंग्लंडला स्थायिक झालेला थोरला भाऊ फोनवर बजावतो, ‘बोर्ड मारण्याआधी आतून प्लास्टिक लावून घे, इकडे सगळे तसेच करतात.’ दुबईत एसीच्या कामावर असलेला धाकटा म्हणतो, ‘भाईजान, आम्ही थंड पाण्याच्या पाइपला आधी फोम गुंडाळतो आणि फॉइल त्याच्या बाहेरून लावतो. आतून कसे चालेल?’ मिस्त्री दोघांचेही ऐकून घेतो आणि हाताशी येईल ते लावून मोकळा होतो. खरे म्हणजे दोघेही भाऊ आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. पण आपल्या गावात त्यातले एकच लागू पडते, आणि ते चुकले तर वर्षानुवर्षांच्या मेहनतीच्या कमाईतून उभी केलेली खोली दोन पावसाळ्यांत कुबट वासाची होते.

वाफ कुठून कुठे जाते?

बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला मे महिन्यात बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो. पाणी पेल्यातून झिरपलेले नसते. हवेतली वाफ थंड पत्र्याला टेकली आणि तिचे पाणी झाले. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याला शाळेच्या पुस्तकात दवबिंदू म्हणतात. भिंतीतही हेच घडते. साधारणपणे वाफ उबदार, दमट बाजूकडून थंड, कोरड्या बाजूकडे सरकते. वाटेत तिला थंड आणि न झिरपणारा पृष्ठभाग भेटला की ती तिथेच थेंब होऊन बसते. म्हणून वाफ अडवणारे प्लास्टिक नेहमी उबदार बाजूला असावे, म्हणजे ती भिंतीच्या थंड भागापर्यंत पोचतच नाही.

आता दोन्ही देश ताडून पाहा. इंग्लंडच्या हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि हीटरमुळे घरात २० अंश असतात. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ आतून बाहेर जाऊ पाहते. तिथली उबदार बाजू आतली, म्हणून प्लास्टिकही आतून, बोर्डाच्या लगेच मागे. कॅनडात तर सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथीनचा कागद असाच आतल्या अंगाला लावण्याची जुनी पद्धत आहे.

कोकणातला जुलै घ्या. बाहेर २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. खोलीत एसी २४ वर चालू आहे. म्हणजे उबदार आणि दमट बाजू बाहेरची, थंड आणि कोरडी बाजू आतली. वाफ बाहेरून आत येते. आता थोरल्या भावाचे ऐकून बोर्डामागे प्लास्टिक लावले, तर ते खोलीच्या गारव्याने २४-२५ अंशांवर असते आणि भिंतीतून आलेली वाफ नेमकी त्याच्या पाठीवर पाणी होते. समोरून रंग छान दिसतो, मागे फ्रेम गंजते आणि काळी बुरशी धरते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण-दमट भागात एसी असलेल्या हॉटेलांच्या खोल्यांत व्हिनाइलच्या वॉलपेपरमागे अशीच बुरशी सापडत आली आहे. तो वॉलपेपर म्हणजे आतून लावलेले प्लास्टिकच होते.

मग आपण काय करावे?

एसी नसलेल्या खोलीत पावसाळ्यात आतली आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच असते. तिथे भिंतीवर आतून प्लास्टिक लावण्याचे काहीच कारण नाही. त्याने फक्त चिऱ्यात मुरलेले पाणी कोंडले जाते. एसी असेल तर अडथळा बाहेरच्या अंगाला हवा. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून चांगला वॉटरप्रूफ गिलावा, तडे भरून बाहेरचा रंग आणि वर रुंद वळचण एवढे झाले की बहुतेक काम होते. आतून साधा इमल्शन रंग द्यावा. ऑइल पेंट, व्हिनाइल वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल बाहेरच्या भिंतीला आतून लावू नये. ओल आलेली भिंत झाकायला पीव्हीसी पॅनेल मारण्याची सध्या पद्धत पडली आहे. त्याने डाग झाकला जातो, ओल मात्र तशीच राहते.

हे नवीन ज्ञान नाही. कोकणातली जुनी माणसे मे संपता संपता पावसाच्या बाजूच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधत. झाप बाहेरून असत, भिंतीला आतून मोकळे ठेवलेले असे. पाऊस भिंतीला शिवण्याआधीच अडवायचा आणि भिंतीला आतून सुकू द्यायचे, हेच आज आपल्याला नव्या सामानाने करायचे आहे.

दोन ठिकाणी प्लास्टिक किंवा फॉइल जरूर लावावे. एक, जमिनीवरची खोली असेल तर फरशीखालच्या काँक्रीटच्या खाली जाड पॉलिथीन, कारण जमिनीतली ओल वर चढत असते. दुसरे, वर पत्र्याचे छप्पर असेल तर पत्र्याखाली ॲल्युमिनियम फॉइलचे बबल शीट. पत्रा रात्री गार पडून त्याच्या पोटाला पाणी सुटते आणि ते थेट सीलिंगवर ठिबकते. शीटचे सांधे टेपने बंद करावेत आणि पत्रा व शीट यांत हवेला थोडी जागा ठेवावी.

बोर्ड कोणता घ्यावा?

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये दाबलेला जिप्समचा थर. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग त्याच्या स्फटिकांत बांधलेले पाणी असते. आग लागली तर ते वाफ होऊन बाहेर पडते आणि उष्णता रोखून धरते, म्हणून हा बोर्ड लवकर पेटत नाही. बाहेरच्या पाण्याशी मात्र त्याचे वैर आहे. तो फार वेळ भिजला की मऊ पडतो आणि त्याचा कागद बुरशीला खाद्य होतो.

भिंतीसाठी १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड घ्यावा. बाजारात तो साधारण ४ बाय ६ फुटांचा मिळतो. त्यावर भारतीय मानक आयएस २०९५ चा उल्लेख आहे का ते पाहावे. कोरड्या, आतल्या भिंतीला साधा बोर्ड चालतो. बाहेरच्या भिंतीजवळ, खिडकीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओलावा सहन करणारा बोर्ड घ्यावा. त्याचा कागद बहुधा हिरवा असतो, गुलाबी असेल तो आगीसाठीचा. हिरवा बोर्ड दमट हवा सोसतो, पण पाणी सोसत नाही. शॉवरच्या भिंतीला आणि वजूसाठी नळ बसवतो त्या कोपऱ्याला जिप्सम नकोच. तिथे सिमेंट बोर्ड किंवा विटेची भिंत, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि मग टाइल्स.

फ्रेम लाकडी पट्ट्यांची न करता जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय चॅनेलची करावी. वाळवीला लाकूड आणि बोर्डाचा कागद दोन्ही आवडतात. भिंतीतल्या उभ्या चॅनेलमध्ये २ फुटांपेक्षा जास्त अंतर नसावे. बोर्ड फरशीला टेकवू नये, खाली सुमारे अर्धा इंच फट ठेवून ती स्कर्टिंगने झाकावी, म्हणजे फरशी पुसतानाचे पाणी कागद वर ओढत नाही. पंखा कधीही सीलिंगच्या बोर्डाला टांगू नये, त्याचा हुक थेट स्लॅबमध्ये हवा.

घाई नको

सगळ्यात मोलाचा सल्ला वेळेचा आहे. चिऱ्याचे बांधकाम आणि गिलावा पूर्ण झाल्यावर शक्य असेल तर एक पावसाळा भिंत तशीच उघडी ठेवावी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. इतका पाऊस ज्या भिंतीने झेलला तीच दाखवून देते की ओल कुठून येते. गळती बाहेरून दुरुस्त करावी आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत बोर्डाचे काम घ्यावे.

भिंत सुकली की नाही हे घरच्या घरी तपासता येते. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर, निदान १६ तास, तसेच ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीत अजून पाणी आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेची ओल आहे, खिडक्या आणि पंख्याकडे लक्ष द्या. दोन्हीकडे कोरडे असेल तर कारागिराला बोलवा.

त्याच्याशी दर ठरवण्याआधी काही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : कुठल्या भिंतीला कुठला बोर्ड, चॅनेल कोणत्या कंपनीचे आणि किती अंतरावर, वायरिंग पाइपमधून आहे का, एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी कुठून जाणार, आणि बाहेरच्या भिंतीमागे पाहता यावे म्हणून उघडणारी झडप कुठे ठेवणार. ही झडप फार उपयोगी पडते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती उघडून बॅटरीचा उजेड टाकला की बुरशीची सुरुवातच दिसते.

दम्याचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी किंवा तान्ह्या बाळासाठी खोली असेल तर हे सगळे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण बुरशीचे कण श्वासातून जातात आणि दमा बळावतो. खोली वापरात आल्यावर एसी २६ च्या आसपास ठेवावा, तो चालू असताना खिडक्या बंद असाव्यात आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ फिरू द्यावा. आणि इंग्लंडच्या भाऊसाहेबांचा फोन आला की त्यांना सांगावे, प्लास्टिक आणले आहे, पण ते फरशीखाली घातले.