गाडीच्या लेखी माणूस कोण?

व्होल्वोने २०१० साली एस६० ही गाडी आणली, तेव्हा पायी चालणाऱ्या माणसाला ओळखून आपणहून पूर्ण ब्रेक लावणारी यंत्रणा तिच्यात होती. ताशी ३५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाला धडक टळू शकते, असं कंपनी सांगत होती. गाडीसोबत मिळणारी पुस्तिका जाहिरातीहून अधिक स्पष्ट बोलत होती. समोरचा माणूस उभा असला पाहिजे. त्याची उंची किमान ८० सेंटिमीटर पाहिजे. डोकं, खांदे, हात, पाय असा शरीराचा घाट कॅमेऱ्याला नीट दिसला पाहिजे. कपड्यांनी तो झाकला गेला किंवा जवळ मोठं ओझं असलं, तर ओळख पटेलच असं नाही. अंधारात आणि बोगद्यात ही सोय बंद राहील, दिवे लागलेले असले तरीही. पुढच्या पंधरा वर्षांत यांतल्या पुष्कळ अटी सैल झाल्या. तरी ती यादी आजही वाचण्यासारखी आहे, कारण एरवी यंत्राच्या पोटात दडून राहणारी गोष्ट तिथे छापील स्वरूपात समोर येते. माणूस म्हणजे काय, याचा एक साचा गाडीकडे असतो आणि समोरची आकृती त्यात बसते का, एवढंच ती तपासते. तो साचा कुणीतरी ठरवलेला असतो. त्यात कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, हा निर्णय गाडी रस्त्यावर येण्याआधीच झालेला असतो. आपल्या रस्त्यांपुरता तो नव्याने आणि उघडपणे घ्यायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

ही साच्याची भाषा जवळजवळ शब्दशः खरी होती, तो काळ फार जुना नाही. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी २००५ साली एक पद्धत मांडली आणि पुढची काही वर्षं या क्षेत्रातलं बरंचसं काम तिच्यावरच उभं राहिलं. चित्रातला ६४ पिक्सेल रुंद आणि १२८ पिक्सेल उंच असा उभा तुकडा घ्यायचा. त्याचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात उजेड-सावलीच्या कडा कोणत्या बाजूला झुकल्या आहेत, हे ९ दिशांत मोजायचं. शेजारच्या चौकोनांशी तुलना करून हे माप सारखं केलं, की एका तुकड्यामागे ३,७८० आकडे हाती येतात. माणूस असलेले आणि नसलेले हजारो तुकडे दाखवून संगणकाला या आकड्यांतली सीमारेषा शिकवायची. चेहरा, रंग, कपड्यांची नक्षी यांच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही. खांद्यांची कमान आणि पायांच्या उभ्या रेषा सापडल्या की तिचं काम झालं. मग ही खिडकी लहान-मोठी करत सगळ्या चित्रावरून सरकवायची. एकेका चित्रात असे हजारो तुकडे तपासावे लागतात आणि कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रं पाठवत असतो. दहा हजार तुकड्यांमागे एकदाच चूक झाली, तरी विजेचे खांब आणि झाडांची खोडं दर सेकंदाला माणसं म्हणून उभी राहतील. म्हणून खात्रीचा उंबरठा वर न्यावा लागतो. तो वर नेला की खरी माणसं निसटतात. खाली आणला की मोकळ्या रस्त्यात गाडी कचकन थांबते आणि मागची येऊन आदळते. यातली कोणती चूक किती वेळा चालवून घ्यायची, हे कुठलंही गणित सांगत नाही. ते माणसंच ठरवतात.

२०१२ नंतर न्यूरल नेटवर्कचा जमाना आला आणि कडा मोजण्याचं काम कुणी हाताने आखून देईनासं झालं. हे जाळं लाखो चित्रांतून स्वतःच खुणा शोधतं. साचा त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो नियमांतून निघून चित्रांच्या साठ्यात जाऊन बसला. अमेरिकेतल्या कॅलटेकने २००९ साली लॉस एंजेलिस परिसरातल्या रस्त्यांवर सुमारे १० तासांचं चित्रण करून असा एक साठा खुला केला. त्यात साडेतीन लाखांच्या आसपास चौकटी आखलेल्या आहेत, पण वेगवेगळी माणसं मोजली तर ती जेमतेम २,३०० भरतात. एकट्या माणसाभोवती ‘व्यक्ती’ अशी चौकट काढली. एकमेकांत मिसळलेला घोळका आला, की सगळ्यांभोवती मिळून ‘लोक’ अशी एकच चौकट काढली आणि गुण देताना ती चौकट हिशेबातच धरली नाही. संशोधनपत्रांमध्ये ज्या आकड्यावरून पद्धतींची तुलना होत आली, तोही किमान ५० पिक्सेल उंच दिसणाऱ्या आणि फारशा झाकल्या न गेलेल्या माणसांपुरताच असे. त्या कॅमेऱ्यात प्रौढ माणूस ५० पिक्सेल भरतो तो साधारण ३५ मीटरवर. एक मीटर उंचीचं मूल तेवढं दिसायला २० मीटरवर यावं लागतं. ताशी ५५ किलोमीटरने चाललेली गाडी कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावून थांबायलाच जवळपास १५ मीटर घेते. म्हणजे मूल परीक्षेच्या हिशेबात येतं तेव्हा ओळखायला, खात्री करायला आणि ब्रेकमध्ये दाब भरायला उरलेलं अंतर पाच मीटर, वेळ एक तृतीयांश सेकंद. आजचे कॅमेरे याहून पुष्कळ तीक्ष्ण आहेत, पण मूल उशिराच मोठं दिसणार, ही भूमिती बदललेली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये केलेल्या तपासणीत या यंत्रणा प्रौढांच्या मानाने मुलांना ओळखण्यात ठळकपणे कमी पडलेल्या दिसल्या.

एकट्या कॅमेऱ्यावर बहुतेक कंपन्या विसंबत नाहीत. पुढच्या काचेवर आरशामागे कॅमेरा असतो आणि बंपरमध्ये ७७ गिगाहर्ट्झचा रडार. रडारला अंतर आणि वेग नेमका कळतो, धुकं-पाऊस त्याला फारसे अडवत नाहीत, चालत्या पायांची पुढे-मागे होणारी हालचालही त्याला जाणवते. अडचण अशी, की माणसाच्या शरीरावरून त्याच्या लहरी गाडीच्या पत्र्याच्या मानाने फार क्षीण परततात, आणि रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून स्तब्ध उभा असलेला माणूस कठड्याच्याच प्रतिध्वनीत मिसळून जातो. उष्णता टिपणारे कॅमेरे काही महागड्या गाड्यांत आहेत. थंड देशांत रात्री ते उत्तम चालतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे मात्र तापलेला डांबरी रस्ता आणि माणसाचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, आणि फरक हेच तर त्या कॅमेऱ्याचं भांडवल. ओळख पटल्यावरही काम संपत नाही. हा माणूस कडेनेच चालत राहील की रस्त्यात येईल, याचा अंदाज घ्यावा लागतो. यंत्राची खरी सरशी इथे आहे, की ते कंटाळत नाही आणि फोनकडे पाहत नाही. सावध चालकालाही ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद लागतो. ताशी ५० ला तेवढ्यात १४ ते २१ मीटर रस्ता सरतो. हा उशीर यंत्र बराच कमी करू शकतं, म्हणूनच त्याच्या चुकांविषयी बेफिकीर राहून चालत नाही.

ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री जे घडलं, ते या दृष्टीने बारकाईने पाहायला हवं. उबरची स्वयंचलित चाचणी गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटरने जात होती. एक बाई सायकल हाताने ढकलत, जिथे झेब्रा पट्टे नव्हते अशा जागी रस्ता ओलांडत होती; गाडीच्या धडकेत ती गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाप्रमाणे गाडीच्या रडारने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं. त्या वेळी गाडी शंभरेक मीटर लांब होती, थांबायला पंचवीस मीटरही पुरले असते. पण तिला काय म्हणायचं, हे ठरेना. वाहन, मग ‘इतर’, पुन्हा वाहन, शेवटी सायकल. आणि दर वेळी नाव बदललं, की आधीची नोंद टाकून दिली जाई; ती किती वेळ, कोणत्या दिशेने सरकते आहे, हे यंत्र दर वेळी नव्याने मोजू लागे. झेब्रा पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती. १.२ सेकंद उरले तेव्हा धोका आहे हे कळलं. मात्र खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच थांबू नये म्हणून घातलेला एका सेकंदाचा थांबा मध्ये आला. गाडी मुळात व्होल्वोची होती, पण तिची मूळची ब्रेक यंत्रणा चाचणीदरम्यान बंद ठेवलेली होती. आत बसलेल्या सुरक्षाचालकाचं लक्ष फोनकडे होतं, हा दोष गंभीर आहे आणि तो झाकण्याचं कारण नाही. तरी यंत्रापुरतं पाहिलं, तर त्याला ती बाई वेळेवर दिसली होती. दिसलेल्या वस्तूला देण्याजोगं नाव त्याच्यापाशी नव्हतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. उणिवा असतील, पण जीव वाचतात ना? वाचतात, आणि ते स्वच्छ कबूल केलं पाहिजे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या. माणूस ओळखून ब्रेक लावणाऱ्या गाड्यांकडून पादचाऱ्यांना होणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी कमी निघाल्या. एखाद्या सुरक्षासाधनाचं हे मोठंच यश आहे. मात्र त्याच अभ्यासात पथदिवे नसलेल्या काळोख्या रस्त्यांवर काहीच फरक आढळला नाही. ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या चाचण्यांत, उभ्या गाड्यांमधून अचानक पुढे येणाऱ्या मुलाच्या पुतळ्याला ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाला ८९ टक्के वेळा धडक बसली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच विमा संस्थेने रात्री तीन गाड्या तपासल्या. दोन गाड्या पुतळ्याला बहुतेक वेळा धडकल्या, आणि रस्त्यावर काम करणारे मजूर बांधतात तशा चकाकत्या पट्ट्या त्याला लावल्यावर त्यांची ओळख सुधारण्याऐवजी बिघडली. दिसावं म्हणून ज्याने पट्टी बांधली, त्याचाच घाट तिने मोडून टाकला. सरासरी २७ टक्के हा आकडा म्हणूनच मला अपुरा वाटतो. सरासरीत वाचलेले आणि न वाचलेले हे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी चालणारे लोक आहेत.

आता आपल्याकडचं पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. चाकणला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि पुण्यात बनणाऱ्या टाटाच्या हॅरियर-सफारी यांसारख्या गाड्यांमध्ये कॅमेरा आणि रडारवर चालणारी ही ब्रेक यंत्रणा आता मिळते. त्यांच्यासमोर येणारा माणूस कोण असतो? डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, जिच्या खांद्यांची रेषा भाऱ्याखाली गेलेली असते. घोंगडं पांघरून पहाटे निघालेला माणूस. आषाढात पालखीमार्गावर हजारोंनी चालणारे वारकरी, ज्यांच्याभोवती एकेकट्याची चौकट आखताच येणार नाही. फुटपाथ नसल्याने डांबराच्या कडेनेच, वाहनांकडे पाठ करून चालणारी शाळेची मुलं. याला नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडे लोक नियम पाळत नाहीत, त्यात यंत्राचा काय दोष? या उत्तराचा अर्थ टेम्पीमध्ये दिसून आला. नियम मोडणारा माणूस अस्तित्वातच नाही असं गृहीत धरून आज्ञावली लिहिली, तर तो मरतो. शिवाय फुटपाथच नसेल, तर कडेने चालणाऱ्याने कोणता नियम मोडला?

दुसरं उत्तर अधिक गंभीरपणे घ्यावं लागेल: भारतीय रस्त्यांची चित्रं भरपूर दिली की प्रश्न सुटेल. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने बेंगळुरू-हैदराबाद परिसरातल्या चित्रणातून जवळपास १०,००० चित्रांचा साठा केला, त्यात ३४ वर्ग आहेत. रिक्षा आहे, जनावरं आहेत, आणि डांबराबाहेरची, पण गाडी उतरू शकेल अशी मातीची कडही वेगळी दाखवली आहे. युरोपातल्या चित्रांवर शिकलेलं जाळं या रस्त्यांवर आणलं की त्याची अचूकता घसरते, हेही त्या कामातून दिसलं. हे काम मोलाचं आहे आणि ते वाढायला हवं. पण चित्रांनी सगळं सुटत नाही. डिपरच्या झोतात जे उजळतच नाही, ते कुठलंही जाळं ओळखणार नाही. समोरच्याने अप्पर मारला की कॅमेऱ्याचेही डोळे दिपतात. आणि इशारे वाजत राहिले की चालक यंत्रणा बंद करतो. बाजारपेठेतल्या गर्दीत गाडी पावलापावलावर ओरडू लागली तर त्याला तरी किती दोष द्यायचा? मग उंबरठा वर नेला जातो, आणि त्याची किंमत पायी चालणारा मोजतो, ज्याला या सौद्यात कुणी विचारलेलं नसतं.

साचा बदलायला कंपन्यांना भाग पाडते ती चाचणी. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०१६ पासून पादचाऱ्यासमोर ब्रेक लागण्याला गुण द्यायला सुरुवात केली, पुतळ्याला हलणारे पाय दिले, २०१८ पासून रात्रीची चाचणी घातली, आणि पाठोपाठ गाड्या सुधारत गेल्या. अमेरिकेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमातही अंधारातला पादचारी आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या पहिल्या आवृत्तीत आपोआप ब्रेक लागण्याची चाचणी गुणांत नव्हती. ती येईल तेव्हा युरोपचा पुतळा जसाच्या तसा उचलून आणणं सोपं असेल, आणि नेमकं तेच टाळलं पाहिजे. एक पुतळा पाठमोरा, डांबराच्या कडेने चालणारा हवा. एकाच्या डोक्यावर भारा हवा, एक नऊवारी किंवा पायघोळ कपड्यांत हवा, दोन-तीन एकमेकांना चिकटून हवेत, एक मुलाच्या उंचीचा आणि एक रस्त्याकडेला उकिडवा बसलेला हवा. रस्त्यावर दिवे नकोत आणि समोरून अप्पर लावलेला ट्रक हवा. वेगही ताशी ३०-४० वर थांबवू नये; तो ६० च्या पुढे न्यावा, कारण जिल्हा मार्गांवर मोकळा रस्ता मिळाला की गाड्या त्याच वेगाने चालतात.